ट्रॅक्टर, जीप व शेती यंत्रांचे उंदरांपासून संरक्षण

उंदरांमुळे उभ्या पिकाचे आणि साठवलेल्या धान्याचे नुकसान होते, हे शेतकरी बंधूंना नव्याने सांगावयास नको. परंतु हाच उंदीर शेडमध्ये उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची, जीपची, मळणी यंत्राची आणि विहिरीवरील स्टार्टर पेटीची नासधूस करतो, याकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. वायर तुटली की आपण मेकॅनिक बोलावतो, वायर जोडून घेतो आणि विसरून जातो. उंदीर मात्र तेथेच राहतो आणि पंधरा दिवसांनी दुसरी वायर तोडतो.

पीक उत्पादन शिकविणाऱ्या माणसाने ट्रॅक्टरच्या वायरीविषयी लिहावे याचे कोणास नवल वाटेल. त्याचे कारण पेरणीच्या वेळेत आहे. मृगाचा पाऊस पडून गेल्यावर जमिनीला वाफसा येतो तो मोजके दिवस टिकतो. त्याच सकाळी ट्रॅक्टर सुरू झाला नाही, मेकॅनिकला यायला दोन दिवस लागले आणि तेवढ्यात पुन्हा पाऊस लागला, तर पेरणी आठ-दहा दिवस लांबते. उशिरा पेरलेल्या मुगाचे, उडदाचे किंवा सोयाबीनचे उत्पादन घटते, हे आपण अनुभवाने जाणता. तुटलेली वायर थोड्या पैशांत मिळते. गेलेला वाफसा कोणत्याही किमतीला परत मिळत नाही. म्हणून यंत्रांचे उंदरांपासून संरक्षण हा शेतीच्या नियोजनाचाच भाग समजावा.

उंदीर वायर का कुरतडतो?

उंदराला वायर खावयाची नसते. त्याचे पुढचे चार दात, वरचे दोन व खालचे दोन, आयुष्यभर वाढत राहतात. ही वाढ वर्षाला सुमारे १० ते १२ सें.मी. इतकी असते. या दातांच्या फक्त पुढील बाजूस कठीण कवच असते व मागील बाजू मऊ असते. त्यामुळे कुरतडताना मागची बाजू लवकर झिजते आणि दाताला पटाशीसारखी धार राहते. कुरतडणे बंद झाले तर दात वाढून उंदराला तोंड मिटता येणार नाही. म्हणून लाकूड, प्लॅस्टिक, रबर, साबण, शिशाचा नळ, ठिबकची नळी असे जे समोर येईल ते तो कुरतडतो. वायरीचे आवरण मऊ, गोल आणि त्याच्या तोंडात सहज मावणारे असते, एवढेच.

अलीकडे गाड्यांच्या वायरींचे आवरण सोयाबीनपासून बनवितात म्हणून उंदीर त्यावर तुटून पडतात, असे ऐकावयास मिळते. परंतु उंदीर साधे पीव्हीसी आवरणही तितक्याच आवडीने तोडतो. जुन्या जीपच्या वायरी तो पूर्वीही तोडतच होता. आवरण कशाचे आहे याचा विचार करण्यापेक्षा उंदराला तेथे राहावयास मिळणार नाही हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

यंत्राकडे उंदीर वळण्याची मुख्य कारणे चार आहेत :

१. ऊब : ट्रॅक्टर किंवा जीप बंद केल्यानंतर इंजिन काही तास गरम राहते. थंडीच्या दिवसांत बॉनेटखालची जागा उंदराला चुलीजवळच्या जागेसारखी वाटते.

२. आडोसा : बॉनेटखाली अंधार असतो. मांजर, घुबड किंवा साप सहसा तेथे पोहोचत नाही.

३. घरट्याचे साहित्य : सीटमधील स्पंज, बॉनेटखालचे नमद्यासारखे अस्तर, एअर क्लीनरमधील कागद, पुसावयाच्या चिंध्या हे सर्व पिलांसाठी मऊ अंथरूण असते.

४. अन्न : मळणी यंत्रात व हार्वेस्टरमध्ये अडकलेले दाणे, पेरणी यंत्राच्या पेटीत राहिलेले बी, ड्रायव्हरच्या सीटखाली पडलेले भाकरीचे तुकडे व शेंगांची टरफले, ट्रॉलीत सांडलेली पेंड.

पूर्वीपेक्षा धोका अधिक का?

जुन्या ट्रॅक्टरमध्ये वायरी थोड्या असत. इंधन पंप यांत्रिक असल्याने एकदा इंजिन सुरू झाले की बॅटरी नसली तरी ते चालत राही. दिव्याची वायर तुटली तर रात्रीचे काम अडे, दिवसाचे नाही. आता ही स्थिती राहिलेली नाही. मोटारी व जीपगाड्यांना १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे धूरनियंत्रणाचे निकष लागू झाले. ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम ४ हे निकष लागू झाले. हे निकष पाळण्यासाठी अशा बहुतेक इंजिनांमध्ये इंधनाचे नियंत्रण संगणकी पेटीकडे दिलेले असते. या पेटीला तापमान, दाब व वेग यांची माहिती देणारे सेन्सर बारीक वायरींनी जोडलेले असतात. त्यांपैकी एक वायर तुटली तरी इंजिन सुरू होत नाही किंवा ताकद धरत नाही. कोणती वायर तुटली हे गावातील मेकॅनिकला डोळ्यांनी सापडेलच असे नाही, आणि वायरींचा पूर्ण जुडगा बदलावा लागला तर खर्च बराच येतो.

कोणते उंदीर नुकसान करतात?

घरातील काळा उंदीर : याची शेपटी शरीरापेक्षा लांब असते. हा चढण्यात पटाईत असून वासे, दोऱ्या, वायरी व वेली यांवरून सहज येतो. बॉनेटखालचे बरेचसे नुकसान याचेच असते. याच्या लेंड्या दोन्ही टोकांना निमुळत्या व साधारण १ सें.मी. किंवा थोड्या अधिक लांब असतात.

लहान घरउंदीर : हा आकाराने अगदी लहान असतो. याच्या लेंड्या तांदळाच्या कणीएवढ्या असतात. पेन्सिल जाईल एवढ्या, म्हणजे सुमारे ६ मि.मी. फटीतून तो आत शिरतो. एअर क्लीनर, हीटरची नळी व डॅशबोर्डमागची जागा यांत घरटे करणारा बहुधा हाच.

घूस : ही बिळे करून राहते. शेडची जमीन, जोते व भिंतीचा पाया पोखरते आणि जमिनीलगतच्या वायरी व नळ्या तोडते.

शेतातील उंदीर : खरीप पिकांची काढणी झाल्यावर शेत मोकळे होते आणि शेतातील उंदीर बांधावरून गोठा, खळे व शेडकडे सरकतात. पावसाळ्यात बिळात पाणी शिरले की पुन्हा हेच घडते. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि जून-जुलै हे दोन काळ विशेष लक्ष ठेवण्याचे समजावेत.

दिवसा नुकसान होत असेल तर ते खारीचे असण्याची शक्यता असते. खारीला विष घालू नये. फांद्या छाटून तिची ये-जा बंद करावी. तसेच चिचुंद्री उंदरासारखी दिसत असली तरी ती कृंतक वर्गातील नव्हे. लांबट नाक व उग्र वास यांवरून ती ओळखावी. ती मुख्यतः किडे खाते, वायरी तोडत नाही. तिला मारण्याचे कारण नाही.

नुकसानीचे प्रकार

वायरी : आवरण कुरतडले गेल्याने तांब्याच्या तारा उघड्या पडतात. दोन उघड्या तारा एकमेकींना किंवा चासीला टेकल्या की शॉर्ट सर्किट होते. जवळ वाळलेल्या काड्यांचे घरटे असेल आणि डिझेल गळत असेल, तर ट्रॅक्टरसह शेड व त्याशेजारची कडब्याची गंजी पेटण्यास वेळ लागत नाही.

नळ्या : डिझेलची रबरी नळी, रेडिएटरचा हौज पाईप, हायड्रॉलिकच्या नळ्या व जीपच्या ब्रेकची रबरी नळी. यांपैकी ब्रेकची नळी सर्वांत धोक्याची. ती पूर्ण तुटली तर निदान लगेच कळते. अर्धवट कुरतडलेली नळी अंगणात टिकते आणि उतारावर जोरात ब्रेक दाबल्यावर फुटते.

एअर क्लीनर : कोरड्या प्रकारच्या एअर क्लीनरमधील कागद उंदराने फाडला तर न गाळलेली हवा इंजिनात जाते. नांगरटीच्या वेळी उडणारी धूळ सिलिंडरपर्यंत पोहोचून लायनर, पिस्टन व रिंगा लवकर झिजतात. हे नुकसान आवाज करीत नाही. इंजिन तेल खाऊ लागले की मग लक्षात येते.

इतर यंत्रे : पेरणी यंत्राच्या प्लॅस्टिकच्या नळ्या, फवारणी पंपाचा पाईप, मळणी यंत्राचे पट्टे, ठिबकच्या गुंडाळून ठेवलेल्या नळ्या. विहिरीवरील स्टार्टर पेटीत केबलच्या भोकातून उंदीर किंवा पाल शिरली तर फेज जुळून मोटार जळण्याचा प्रसंग येतो.

उंदरांचे अस्तित्व कसे ओळखावे?

आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बॅटरीवर, इंजिनच्या वरच्या भागावर व कोपऱ्यात लेंड्या, काड्या, चिंध्या किंवा शेंगांची टरफले आहेत का ते पाहावे. लघवीचा उग्र वास येतो का हे लक्षात घ्यावे. भिंतीलगत रोज ये-जा केल्याने तेलकट काळपट पट्टा उमटतो. खात्री करावयाची असल्यास रात्री चाकांभोवती व भिंतीलगत पीठ किंवा चुन्याची भुकटी पातळ पसरावी. सकाळी पावलांचे ठसे व शेपटीची रेघ दिसते आणि उंदीर कोणत्या बाजूने येतो हेही कळते. ही माहिती पुढे सापळा कोठे लावावा यासाठी उपयोगी पडते.

संरक्षणाचे उपाय

एकाच उपायाने उंदीर हटत नाहीत. पुढील उपाय क्रमाने व एकत्रितपणे योजावेत. पहिले दोन उपाय नीट केले तर पुढचे बरेचसे काम वाचते.

१. स्वच्छता

मळणी यंत्र, हार्वेस्टर व पेरणी यंत्र हंगाम संपल्यावर दाणे पूर्ण काढून, झाडून मगच आत ठेवावे. पेरणी यंत्राच्या पेटीत बी किंवा खत शिल्लक ठेवू नये. ट्रॅक्टरच्या सीटखाली व हत्यारपेटीत भाकरी, गूळ किंवा बियाण्याची पाकिटे ठेवू नयेत. जीपमधून पेंड, सरकी किंवा धान्य आणले असल्यास त्याच दिवशी झाडून घ्यावे. ज्या शेडमध्ये यंत्र त्याच शेडमध्ये धान्याची पोती व कडबा अशी व्यवस्था टाळावी. जागेअभावी ते शक्य नसेल तर पोती लाकडी फळ्यांवर भिंतीपासून दोन फूट सोडून रचावीत, म्हणजे मागे बिळे झाली तर दिसतात. शेडभोवती तीन फूट पट्टा गवत, तुराट्या व भंगार यांपासून मोकळा ठेवावा. मोकळ्या जागेतून जाणे उंदीर टाळतो.

२. शेडची बांधणी

शेडची जमीन काँक्रीटची किंवा शहाबादी फरशीची असावी व सांधे सिमेंटने भरावेत. दरवाजाखालची फट ६ मि.मी. पेक्षा जास्त नसावी. लाकडी दरवाजाच्या तळाशी बाहेरून सुमारे ३० सें.मी. उंचीचा गॅल्व्हनाइज्ड पत्रा ठोकावा. खिडक्या व झरोके यांना ६ मि.मी. छिद्रांची तारेची जाळी बसवावी. प्लॅस्टिकची जाळी उपयोगी नाही. भिंतीतील बिळे काचेचे तुकडे व सिमेंट घालून बुजवावीत. वायरी व पाईप जेथून आत येतात तेथील फटींत लोखंडी काथ्या ठासून वर सिमेंट लावावे. शेडवर टेकलेल्या फांद्या व वेली चार-पाच फूट दूरपर्यंत छाटाव्यात. शेड खांबांवर असेल तर प्रत्येक खांबाला जमिनीपासून तीन फुटांवर पत्र्याचा उलट्या नरसाळ्यासारखा कोन बसवावा. काळा उंदीर खांबावरून वर चढतो, पण कोनापाशी अडतो.

३. यंत्र उभे करण्याची पद्धत

ज्यांना बंदिस्त शेड नाही त्यांनी ट्रॅक्टर गंजीला, उकिरड्याला किंवा लाकडाच्या ढिगाला खेटून उभा करू नये. भिंतीपासून किमान तीन फूट अंतर सोडावे. शेड कोरडी असल्यास रात्री बॉनेट उघडे ठेवावे. त्यामुळे इंजिन लवकर निवते, उजेड व वारा लागतो आणि उंदराला हवा असलेला आडोसा राहत नाही. अनेक ठिकाणी हा बिनखर्चाचा उपाय चांगला उपयोगी पडला आहे. सायलेन्सरच्या तोंडावर पत्र्याचा डबा उपडा घालावा व सुरू करण्यापूर्वी तो आठवणीने काढावा.

यंत्र दीर्घकाळ बंद राहणार असेल तर तीन-चार दिवसांतून एकदा सुरू करून जागेवरून हलवावे. पावसाळ्यात महिनाभर न हललेली जीप म्हणजे उंदरासाठी बांधून दिलेले घरच होय. सुरू करणे शक्य नसेल तर बॅटरीच्या तारा काढून ठेवाव्यात. त्यामुळे वायर तुटली तरी आग लागण्याचा धोका राहत नाही.

४. वायरी व नळ्यांचे संरक्षण

उघड्या वायरी लवचिक पन्हळी पाईपमध्ये घालून घ्याव्यात. हे प्लॅस्टिकचे पाईप उंदीर तोडू शकतो, परंतु त्याला वेळ लागतो व नुकसान तपासणीत वेळीच दिसते. वारंवार त्रास होणाऱ्या जागी वायरींवर तारेच्या विणीचे आवरण चढवावे. ते उघड्या तारेला टेकणार नाही आणि गरम सायलेन्सर, फॅनबेल्ट किंवा पंख्याजवळ येणार नाही याची काळजी घ्यावी. मिरचीतील तिखट द्रव्य असलेली टेपही बाजारात मिळते. नव्या जोडावर ती गुंडाळता येते. जीपमध्ये हीटर किंवा वातानुकूलनाची हवा जेथून आत येते तेथे तारेची बारीक जाळी बसवावी. एअर क्लीनरच्या तोंडाशी जाळी बसविताना हवेचा मार्ग अरुंद होणार नाही हे मेकॅनिककडून पाहून घ्यावे.

स्टार्टर पेटीत केबल येण्याची भोके रबरी वायसर व लांबीने बंद करावीत. हे काम मुख्य स्विच बंद करून आणि फ्यूज काढूनच करावे.

५. वास व आवाजाचे उपाय

डांबराच्या गोळ्या, तंबाखूची पाने, कापूर, पुदिन्याचे तेल असे अनेक उपाय सांगितले जातात. उग्र वासाने उंदीर काही दिवस बिचकतो. परंतु वास उडून गेला किंवा त्याला सवय झाली की पुन्हा येतो. दर आठवड्याला बदलावयाची तयारी असेल तर तंबाखूची पाने कापडी पुरचुंडीत बांधून बॉनेटखाली ठेवण्यास हरकत नाही. पुरचुंडी इंजिनच्या गरम भागावर वा पट्ट्यात जाणार नाही अशी बांधावी. डांबराच्या गोळ्या गाडीच्या बंद केबिनमध्ये ठेवू नयेत. त्यांची वाफ श्वासावाटे गेल्यास अपाय होतो. वायरींवर रॉकेल किंवा डिझेल शिंपडण्याची पद्धत मात्र पूर्णपणे बंद करावी. त्याने रबर फुगते आणि आगीला निमंत्रण मिळते.

माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणारी यंत्रे विकली जातात. हा आवाज आडोशामागे पोहोचत नाही आणि उंदीर त्याला लवकर सरावतो. केवळ त्यावर विसंबून राहू नये.

६. सापळे

यंत्र असलेल्या शेडमध्ये विषापेक्षा सापळा बरा. मेलेला उंदीर हाती लागतो. बॉनेटखाली कुजत नाही. चापाचा सापळा किंवा एका वेळी अनेक उंदीर धरणारा वंडर सापळा वापरावा. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. म्हणून पहिले दोन-तीन दिवस सापळ्यात आमिष ठेवून तो उघडाच ठेवावा, उंदीर निर्धास्तपणे खाऊ लागला की मग लावावा. आमिष म्हणून भज्याचा किंवा खोबऱ्याचा तुकडा, तेल लावलेली भाकरी आणि कोकणपट्टीत सुकट वापरावी. सापळा जागेच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत, ठसे दिसलेल्या वाटेवर ठेवावा. एक सापळा महिनाभर लावण्यापेक्षा सहा-सात सापळे एकाच आठवड्यात लावणे अधिक परिणामकारक ठरते. चिकट पट्ट्या वापरू नयेत. त्यांवर पाली, पक्षी व उपयोगी सापही अडकून तडफडून मरतात.

७. विषारी आमिष

सापळ्यांनी आटोक्यात येत नसेल तरच विष वापरावे. शेडमध्ये ब्रोमाडिओलोन ०.००५ टक्के या तीव्रतेचे तयार केक वापरणे सोयीचे असते. या विषाने रक्त गोठण्याची क्रिया थांबते व उंदीर काही दिवसांनी मरतो. त्रास खाल्ल्याबरोबर होत नसल्याने इतर उंदरांना संशय येत नाही. केक उघड्यावर न ठेवता दोन-अडीच इंच व्यासाच्या पाईपच्या फूटभर तुकड्यात किंवा कुलूप लागणाऱ्या आमिषपेटीत, भिंतीलगत ठेवावेत. दर दोन-तीन दिवसांनी पाहून खाल्लेल्या ठिकाणी नवे ठेवावेत. आठ-दहा दिवसांनी खाणे थांबले की उरलेले सर्व गोळा करावेत. बॉनेटखाली किंवा इंजिनवर केक कधीही ठेवू नये. एक तर आपण उंदराला आपणच तेथे बोलावतो, दुसरे म्हणजे चालत्या गाडीतून विषाचे तुकडे अंगणात पडतात.

शेताच्या बांधावर व शेडबाहेरील बिळांसाठी झिंक फॉस्फाईडचे आमिष वापरता येते. प्रथम संध्याकाळी सर्व बिळे चिखलाने बुजवावीत. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच जिवंत बिळे समजावीत. त्यांत दोन-तीन दिवस बिनविषाचे, तेल लावलेले भरडलेले धान्य ठेवावे. नंतर ९६ भाग भरडलेले धान्य, २ भाग गोडे तेल व २ भाग झिंक फॉस्फाईड, म्हणजे एक किलो आमिषासाठी ९६० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम तेल व २० ग्रॅम पावडर, असे मिश्रण काठीने ढवळून तयार करावे. प्रत्येक जिवंत बिळात सुमारे १० ग्रॅम आमिष कागदाच्या पुडीत खोलवर टाकून बीळ बंद करावे. थोडे खाऊन वाचलेला उंदीर त्या आमिषाला पुन्हा तोंड लावत नाही. म्हणून झिंक फॉस्फाईड लागोपाठ वापरू नये. राहिलेल्या उंदरांसाठी ब्रोमाडिओलोन वापरावे.

ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या शेतकऱ्याने स्वतः वापरू नयेत. त्यांतून निघणारा वायू माणसाला मारक असून घराला किंवा गोठ्याला लागून असलेल्या शेडमध्ये त्यांचा वापर म्हणजे घरच्यांच्या जिवाशी खेळ होय.

विष वापरताना घ्यावयाची दक्षता

- आमिष उघड्या हाताने कालवू नये. हातमोजे घालावेत, तोंडावर कापड बांधावे. भांडे व काठी पुन्हा घरात वापरू नये.
- मुले, कोंबड्या, कुत्री व जनावरे पोहोचतील अशा ठिकाणी आमिष ठेवू नये. विषाची पुडी धान्य, पीठ किंवा औषधांजवळ ठेवू नये, कुलूपबंद ठेवावी.
- मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल खड्ड्यात पुरावेत. असे उंदीर खाऊन मांजर, कुत्रे व घुबड यांनाही विषबाधा होते.
- चुकून कोणाच्या पोटात विष गेल्यास घरगुती उपायात वेळ न घालवता विषाच्या पाकिटासह ताबडतोब दवाखान्यात न्यावे. ब्रोमाडिओलोनवर जीवनसत्त्व के-१ हा उतारा आहे, परंतु लक्षणे उशिरा दिसतात; मूल चांगले खेळते आहे म्हणून थांबू नये. झिंक फॉस्फाईडवर खास उतारा नाही.

८. नैसर्गिक शत्रू

गव्हाणी घुबड, धामण व मुंगूस हे उंदरांचे मोठे शत्रू होत. घुबडाला अशुभ मानून हुसकावणे म्हणजे फुकटच्या राखणदाराला हाकलणे होय. शेतात इंग्रजी टी आकाराचे पक्षीथांबे उभारल्यास घुबड रात्री तेथे बसून शिकार करते. शेडमध्ये मांजर राहत असेल तर विषाऐवजी सापळ्यांवरच भर द्यावा.

९. सामुदायिक मोहीम

घरातील काळ्या उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत पिलांना जन्म देते, एका वेळी सहा-आठ पिले होतात आणि ती तीन-चार महिन्यांत स्वतः प्रजननक्षम होतात. आपण आपल्या शेडमधील उंदीर संपविले तरी शेजारच्या शेडमधून ती जागा लवकरच भरते. म्हणून मे महिन्यात पेरणीपूर्वी आणि पुन्हा खरीप काढणीनंतर संपूर्ण वस्तीने एकाच आठवड्यात मोहीम घ्यावी. उंदीर नियंत्रणासाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७७ मध्ये जोधपूर येथे केंद्र ठेवून अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू केला. तेव्हापासूनच्या शिफारशींतही एकट्या-दुकट्याच्या प्रयत्नांपेक्षा सामुदायिक मोहिमेवर भर राहिला आहे. मार्गदर्शनासाठी जवळच्या कृषी विज्ञान केंद्राशी किंवा सहायक कृषी अधिकाऱ्याशी संपर्क साधावा.

नुकसान झाल्यावर काय करावे?

बॉनेटखाली घरटे आढळल्यास गाडी सुरू करू नये. प्रथम बॅटरीच्या ऋण टोकाची तार काढावी. घरटे कोरडे झाडू नये. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस हा रोग माणसाला होतो आणि कोकणातील भातशेतीच्या भागात तो चांगलाच परिचित आहे. हातमोजे घालून, तोंडावर कापड बांधून घरटे ओले करावे व काढून पुरावे. जमीन एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम ब्लीचिंग पावडर घालून धुवावी. हे द्रावण वायरी व धातूच्या भागांवर वापरू नये. ते साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून कोरडे करावेत. वास राहिला तर त्या वासावर दुसरे उंदीर येतात, म्हणून ही सफाई दुरुस्तीइतकीच महत्त्वाची आहे.

तुटलेल्या वायरी नुसत्या पिळून टेप लावू नये. तेवढ्याच जाडीची वायर घेऊन डाग द्यावा किंवा योग्य जोडणी वापरावी व वर आवरण चढवावे. फ्यूज वारंवार उडत असेल तर जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी घालू नये; फ्यूज उडतो तो कोठेतरी वायर उघडी आहे म्हणूनच. कुरतडलेली ब्रेकची किंवा डिझेलची नळी टेप गुंडाळून वापरू नये, ती बदलावीच. गाडीचा सर्वंकष विमा असल्यास दुरुस्तीपूर्वी छायाचित्रे घेऊन विमा कंपनीस कळवावे. उंदरांचे नुकसान विम्यात व हमीपत्रात धरलेले आहे किंवा नाही, हे पॉलिसी घेतानाच विचारून घेतलेले बरे.

पेरणीपूर्वीची तपासणी

मे महिन्याच्या अखेरीस, पावसाची वाट न पाहता, पुढील गोष्टी एकदा तपासाव्यात :

- बॉनेटखाली घरटे, लेंड्या, उघडी वायर
- एअर क्लीनर उघडून कागद फाटला आहे का
- डिझेल, पाणी, हायड्रॉलिक व ब्रेकच्या नळ्यांवर दातांच्या खुणा, जमिनीवर गळतीचे डाग
- सेल्फ स्टार्टर, दिवे, हॉर्न व ब्रेक
- पेरणी यंत्राच्या सर्व नळ्या फुंकून मोकळ्या आहेत का
- विहिरीवरील स्टार्टर पेटी (मुख्य स्विच बंद करून)

या तपासणीस अर्धा दिवस पुरतो. दोष आढळला तरी त्या वेळी मेकॅनिकला सवड असते आणि सुटे भाग आणण्यास वेळ असतो. पेरणीच्या दिवशी या दोन्ही गोष्टी मिळत नाहीत. वर्षभर आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून पाहण्याची सवय लावल्यास आणि शेड स्वच्छ ठेवल्यास उंदरांमुळे होणारे बरेचसे नुकसान टळते, आणि वाफसा आलेल्या सकाळी आपला ट्रॅक्टर चावी फिरविताच शेताकडे निघतो.